गाभा वितळला तर बाहेर काय पडतं?

तारापूरच्या अणुवीज केंद्राचा विषय निघाला की मुंबईत पहिला प्रश्न ठरलेला: वारा इकडे वळला तर? अंतर शंभरेक किलोमीटरचं, त्यामुळे प्रश्न रास्तच. पण त्याआधी विचारायला हवं, की अणुभट्टीच्या गाभ्यातलं, म्हणजे तिच्या मध्यभागातलं इंधन तापून फुटलं तर त्यातलं काय, किती आणि कोणत्या रूपात सुटेल. अणुअभियंते याला ‘सोर्स टर्म’ म्हणतात.

१९५७ मध्ये ब्रिटनमधल्या विंडस्केलच्या अणुभट्टीला आग लागली. आयोडीन-१३१ हे किरणोत्सारी आयोडीन कुरणांवर उतरलं, तिथून गाईंच्या दुधात गेलं आणि सुमारे ५०० चौरस किलोमीटरमधलं दूध ओतून द्यावं लागलं. आयोडीनची धास्ती तेव्हापासूनची. १९६२ मध्ये अमेरिकी अणुऊर्जा आयोगाने ठोकताळा बांधला: गाभा वितळला तर झेनॉन-क्रिप्टॉन हे निष्क्रिय वायू सगळे सुटणार, आयोडीन निम्मं, घन पदार्थ एक टक्का. तारापूरची पहिली दोन युनिट्स १९६९ मध्ये सुरू झाली ती याच जमान्यात.

२८ मार्च १९७९ ला अमेरिकेतल्या थ्री माइल आयलंड अणुवीज केंद्रात जवळपास निम्मा गाभा वितळला आणि ठोकताळा उघडा पडला. झेनॉन-क्रिप्टॉन लाखो क्युरी (क्युरी हे किरणोत्साराचं माप) निसटलं. आयोडीन मात्र पंधराएक क्युरी, गाभ्यात ते कोट्यवधी क्युरी असूनही!

उलगडा रसायनात होता. पाणी आटलं की इंधनाभोवतीची झिर्कोनियम धातूची नळी फुगून फाटते आणि आत साचलेले वायू आधी सुटतात. १२०० अंशांच्या पुढे नळी वाफेशी झपाट्याने जळू लागते, हायड्रोजन निघतो, उष्णता आणखी भडकते. मग युरेनियम ऑक्साइडच्या गोळ्यांतून सीझियम आणि आयोडीन निघतात; त्यातलं बरंचसं सीझियम आयोडाइड होतं. ते मिठासारखं पाण्यात विरघळतं, आणि थ्री माइल आयलंडला पाणी होतं.

चेर्नोबिलला, १९८६ मध्ये, छप्परच उडालं होतं. निम्म्याहून जास्त आयोडीन गेलं, सीझियम तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास. वाफेत जागचा न हलणारा रुथेनियम हा धातूही उघड्या हवेत ऑक्साइड होऊन उडाला.

फ्रान्समध्ये कादाराशला १९९३ ते २००४ दरम्यान ‘फेबुस’ प्रयोगांत वापरलेलं इंधन मुद्दाम वितळवलं गेलं. सगळं आयोडीन पाण्यात बसत नाही, थोडं वायुरूपात राहतं, हे त्यात दिसलं. भिंतींच्या रंगाशी संयोग होऊनही ते पुन्हा हवेत येतं. रंगाचा विचार आधी कुणी केला असेल!

तारापूरची पहिली दोन युनिट्स जपानच्या फुकुशिमासारखी, उकळत्या पाण्याच्या अणुभट्ट्यांची. तिसऱ्या-चौथ्यात इंधन आडव्या नळ्यांत असतं आणि त्यांच्याभोवती थंड जड पाणी. शीतक, म्हणजे इंधन थंड ठेवणारा द्रव, गेलं तरी हे जड पाणी बराच वेळ उष्णता शोषतं. म्हणजे एकाच आवारात दोन वेगळे हिशेब, आणि ‘तारापूरला झालं तर’ या प्रश्नाला एकच आकडा देणाऱ्याने कोणतं युनिट धरलंय ते आधी विचारावं.