नेमिआ

ग्रीसमधील प्राचीन पवित्रस्थान. पेलोपनीसस या दक्षिण ग्रीसमधील द्वीपकल्पाच्या ईशान्य भागात, आर्गॉस आणि कॉरिंथ यांच्या दरम्यानच्या डोंगराळ मुलखातील एका खोऱ्यात ते वसले आहे. झ्यूस ही इथली मुख्य देवता. ऑलिंपिया, डेल्फाय आणि इस्थमिया यांच्याबरोबर सर्व ग्रीकांसाठी क्रीडोत्सव भरणाऱ्या चार स्थानांत नेमिआची गणना होते. हे नगर कधीच नव्हते. उत्सवापुरती माणसे जमत आणि तो संपला की पांगत. कारभार आधी जवळच्या क्लिओनी नगराकडे होता, पुढे तो बलाढ्य आर्गॉसच्या हाती गेला.

ग्रीक पुराणवीर हेराक्लीझने इथल्या सिंहाला मारल्याची कथा सर्वांना ठाऊक असते, पण स्पर्धांचे मूळ ज्या कथेत आहे ती अधिक करुण आहे. लायकर्गस राजाचा मुलगा ऑफेल्टीझ चालायला लागेपर्यंत त्याला जमिनीवर ठेवू नये, अशी देववाणी होती. थीब्झ नगरावर चालून निघालेल्या सात सेनानींनी दाईकडे पाण्याची वाट विचारली. तिने मुलाला रानटी अजमोदाच्या झुडपांवर ठेवले आणि तेवढ्यात सापाने त्याचा जीव घेतला. सेनानींनी त्याच्या अंत्यविधीत खेळ भरवले. म्हणून पंच काळी वस्त्रे घालीत आणि विजेत्याला अजमोदाचा मुकुट मिळे. ऑफेल्टीझच्या नावाने दगडी कुंपणाचे एक स्वतंत्र पूजास्थानही इथे होते.

परंपरेप्रमाणे स्पर्धा इ.स.पू. ५७३ मध्ये सुरू झाल्या. त्या दर दोन वर्षांनी होत. धावणे, कुस्ती, मुष्टियुद्ध, घोड्यांच्या व रथांच्या शर्यती असे त्यांचे स्वरूप होते. इ.स.पू. पाचव्या शतकाच्या अखेरीस पवित्रस्थान उद्ध्वस्त झाले आणि स्पर्धा आर्गॉसला गेल्या. इ.स.पू. ३३० च्या सुमारास त्या परतल्या, नवे मंदिर आणि नवे क्रीडांगण उभे राहिले. पण दोनतीन पिढ्यांतच आर्गॉसने त्या पुन्हा आपल्याकडे नेल्या, त्या कायमच्याच.

क्रीडांगण मंदिरापासून थोड्या अंतरावर टेकडीच्या कुशीत आहे. प्रेक्षक बहुतांशी मातीच्या उतारावरच बसत. धावपटूंनी पायाची बोटे रोवावीत म्हणून खाचा पाडलेली आरंभरेषेची दगडी पट्टी अजून जागेवर आहे. खरे नवल मात्र सुमारे ३६ मीटर लांबीच्या बोगद्याचे. कपडे उतरवण्याच्या दालनाकडून खेळाडू त्यातूनच मैदानात येत. त्याचे कमानी छत इ.स.पू. ३२० च्या आसपासचे आहे. अशी बांधणी रोमनांचीच, या रूढ समजुतीला त्याने छेद दिला. ताटकळणाऱ्या खेळाडूंनी भिंतींवर नावे कोरली. ‘अक्रोटाटोस देखणा आहे’ असे एकाने कोरले, तर खाली दुसऱ्या कुणी ‘लिहिणाऱ्याला!’ (म्हणजे तसे फक्त त्यालाच वाटते) अशी टपली मारली. देवळांच्या शिलालेखांपेक्षा हा मजकूर त्या काळाच्या अधिक जवळ नेतो.

मंदिरात ग्रीक स्तंभांच्या तिन्ही शैली होत्या: बाहेर डॉरिक, आत कॉरिंथियन व त्यांवर आयोनिक. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात ग्रीक प्रवासवर्णनकार पॉसेनियस इथे आला, तेव्हा छत कोसळलेले होते. सभोवती सुरूसारख्या सायप्रेस वृक्षांची राई असल्याचे त्याने नोंदवले; उत्खननात त्या झाडांचे खड्डेही सापडले. पुढे मंदिराचे दगड ख्रिस्ती प्रार्थनामंदिरासाठी वापरले गेले. शतकानुशतके तीनच स्तंभ उभे होते. पडलेल्यांपैकी काही अलीकडे पुन्हा उभारले आहेत.

कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेने, स्टीफन मिलर यांच्या नेतृत्वाखाली, १९७० च्या दशकापासून इथे उत्खनन केले. १९९६ पासून याच मैदानावर स्पर्धांचे पुनरुज्जीवन झाले असून कोणत्याही देशाची सामान्य माणसे त्यांत अनवाणी धावतात. तिथे पदके दिली जात नाहीत आणि विक्रमही नोंदवले जात नाहीत.