कॉट्सवोल्डची घरं: करामत दगडाची आणि पाण्याची

इंग्लंडच्या कॉट्सवोल्डमधली ती मधाच्या रंगाची दगडी घरं, उभट छपरं, इवल्याशा खिडक्या, फोटो बघितले की सगळे "काय क्यूट" म्हणतात. क्यूट आहेतच, पण ती तशी दिसावीत म्हणून कुणी डिझाइन केलेली नाहीत. दगडाने जे करू दिलं आणि पावसाने जे करायला लावलं, तेवढंच गवंड्यांनी केलं.

चिपिंग कॅम्पडेन हे तिथलं जुनं बाजाराचं गाव, लोकरीच्या व्यापारावर श्रीमंत झालेलं. आख्खं गाव एकाच चुनखडीचं. हा दगड साधारण १६-१७ कोटी वर्षांपूर्वीचा, तेव्हा तिथे आजच्या बहामासारखा उथळ, कोमट समुद्र होता आणि शिंपल्यांचे बारीक तुकडे लाटांबरोबर गडगडत राहायचे, त्यांच्यावर चुन्याचे थरावर थर चढायचे आणि गोल गोल दाणे तयार व्हायचे. भिंग लावून बघा, दगड अगदी माशाच्या गाबोळीसारखा दिसतो. मधाळ रंग येतो त्यातल्या लोहाच्या संयुगांमुळे.

खाणीतून ताजा काढलेला हा दगड ओलसर आणि मऊ असतो, पाथरवटाला हवा तसा तासता येतो, मग वाळत जातो तसा पृष्ठभाग टणक होतो. दाबाखाली भक्कम, पण आडवा टाकून वर वजन दिलं की मोडायची भीती. म्हणून खिडक्या अरुंद, आणि मोठी हवी असेल तर मध्ये दगडी दांडे उभे करायचे. १६२७ सालच्या मार्केट हॉलमध्ये बघा, रुंद मोकळी जागा हवी होती तर थेट कमानीच केल्या, कारण कमानीत दगड फक्त दाबला जातो.

पण खरी मजा छपरात आहे. कौलंसुद्धा दगडाचीच! ऑक्सफर्डशायरमधल्या स्टोन्सफील्ड गावात खाणीतून दगड काढून हिवाळाभर ओला ठेवायचे, पाणी गोठताना साधारण ९ टक्के फुगतं, त्यामुळे दगड आपोआप थराथरांत सुटायचा, फुकटातलं मशीन म्हणा ना. (याच खाणींत सापडलेल्या हाडांवरून भूवैज्ञानिक विल्यम बकलंडने १८२४ मध्ये मेगॅलोसॉरसचं वर्णन केलं, शास्त्रीय नाव मिळालेला तो पहिला डायनासोर. कौलं शोधताना डायनासोर!)

ही कौलं खडबडीत आणि सच्छिद्र, पाणी रेंगाळलं तर मुरणार, आणि मुरलं की ज्या थंडीने कौल बनवलं तीच थंडी ते फोडणार. म्हणून छपराची पाखी, म्हणजे उतरती बाजू, साधारण ५० अंशांपर्यंत किंवा त्याहून जास्त उभी. कौलं लाकडाच्या खुंटीने रीपांवर अडकवतात, वळचणीला सगळ्यात मोठी आणि आढ्याकडे लहान होत गेलेली. वरून येणारं सगळं पाणी खालच्या ओळींवरून वाहतं, तिथे सांधे कमी आणि एकावर एक चढवलेला भाग जास्त हवा. शिवाय धोंडे उगाच उंच चढवायचे कशाला, आणि छोटे तुकडेही वाया जात नाहीत.

भिंतींचं गणित वेगळं. आत-बाहेर दोन थर, मध्ये बारीक दगडांचा भराव, आणि सगळं चुन्यात. भिंत पावसात भिजते, पण चुन्याच्या दर्जांतून, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांतून, ओल परत बाहेर पडते. विसाव्या शतकात दुरुस्तीच्या नावाखाली कित्येक ठिकाणी या दर्जा सिमेंटने भरल्या आणि घोळ झाला, कारण सिमेंटमधून ओल सहज सुटत नाही, मग ती दगडातूनच बाहेर पडते, थंडीत तिथेच गोठते आणि दगडाचे पापुद्रे निघतात. कधी तिकडे गेलात तर एखाद्या भिंतीजवळ जाऊन बघा, दगड झिजून आत गेलाय आणि राखाडी रेघा मात्र बाहेर उभ्या राहिल्यात, असं दिसलं तर तिथे नक्की सिमेंट मारलेलं असणार.