आयर्लंडमधील १७९८ चा उठाव

ब्रिटिश सत्ता उलथवून आयर्लंडमध्ये प्रजासत्ताक स्थापन करण्यासाठी झालेला सशस्त्र उठाव. तो मे १७९८ मध्ये सुरू झाला आणि सप्टेंबरअखेर पूर्णपणे चिरडला गेला. ‘युनायटेड आयरिशमेन’ या संघटनेने तो उभारला. त्यात मेलेल्यांची संख्या दहा ते तीस हजार असावी, असे निरनिराळे अंदाज आहेत.

आयर्लंडला तेव्हा स्वतःची संसद होती, पण कारभार लंडनहून नेमलेल्या व्हाइसरॉयच्या हाती होता. लोकसंख्येत सुमारे तीन चतुर्थांश असलेल्या कॅथलिकांना संसदेत बसता येत नसे. बहुतेक जमीन अँग्लिकन, म्हणजे सरकारमान्य प्रॉटेस्टंट चर्चच्या, जमीनदारांची होती आणि ती कसणारी कुळे मुख्यतः कॅथलिक होती. ज्या चर्चमध्ये ही माणसे पाऊल ठेवत नसत, त्या चर्चला त्यांना पिकावर कर द्यावा लागे. उत्तरेकडील अल्स्टर प्रांतातले प्रेस्बिटेरियन हे वेगळ्या पंथाचे लोक प्रॉटेस्टंट असूनही या करातून सुटले नव्हते. अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाच्या बातम्या त्यांनी आस्थेने वाचल्या होत्या, कारण त्यांचेच नातलग तिकडे जाऊन स्थायिक झाले होते.

ऑक्टोबर १७९१ मध्ये बेलफास्टला संघटनेची स्थापना झाली. स्थापनेत पुढाकार घेणारे बेलफास्टचे लोक प्रामुख्याने प्रेस्बिटेरियन होते, तर त्यांचा प्रमुख विचारवंत वोल्फ टोन हा डब्लिनचा अँग्लिकन वकील होता. कॅथलिक, अँग्लिकन आणि प्रेस्बिटेरियन ही नावे मागे पडून सर्वांची ओळख आयरिश एवढीच राहावी, ही टोनची धारणा होती. शंभर वर्षांपूर्वीच्या धर्मयुद्धांच्या आठवणी घरोघर जपणाऱ्या देशात हे म्हणणे धाडसाचे होते, आणि या उठावाचे खरे मोलही त्यातच आहे.

सुरुवातीची मागणी संसदेच्या सुधारणेची होती. १७९३ मध्ये कॅथलिकांना मताचा अधिकार मिळाला, संसदेतली जागा मात्र मिळाली नाही. त्याच वर्षी ब्रिटनचे फ्रान्सशी युद्ध जुंपले आणि फ्रेंच विचारांची प्रत्येक संघटना सरकारला शत्रूची हस्तक वाटू लागली. १७९४ मध्ये युनायटेड आयरिशमेनवर दडपशाही सुरू झाल्यावर या संघटनेने गुप्त रूप घेतले. सभासद शपथ घेऊन आत येत. टोन फ्रेंचांची मदत मिळवण्यासाठी पॅरिसला गेला. डिसेंबर १७९६ मध्ये सुमारे १४ हजार फ्रेंच सैनिकांना घेऊन निघालेल्या आरमाराचा काही भाग आयर्लंडच्या बँट्री उपसागरात पोहोचला, पण वादळामुळे त्यांना किनाऱ्यावर उतरता आले नाही. समोर किनारा दिसत असताना टोनला जहाजावरूनच परतावे लागले.

सरकारने यानंतर जो बडगा उगारला, त्याने उठाव अटळ केला. १७९७ मध्ये जनरल जेरार्ड लेकने अल्स्टरमध्ये शस्त्रे काढून घेण्याची मोहीम चालवली. घरे जाळणे, फटके मारणे, फासाला अर्धवट लटकवून पुन्हा खाली उतरवणे आणि तापलेल्या डांबराची टोपी डोक्यावर बसवणे हे पुढे नित्याचे झाले. खुद्द सरसेनापती ॲबरक्रॉम्बीने सैन्याच्या बेशिस्तीवर उघड ठपका ठेवला. त्याला पद सोडावे लागले आणि त्याच्या जागी लेक आला. त्याचबरोबर १७९५ मध्ये स्थापन झालेल्या ऑरेंज ऑर्डर या प्रॉटेस्टंटांच्या संघटनेच्या निमित्ताने प्रॉटेस्टंट-कॅथलिक तेढ वाढत गेली.

मार्च १७९८ मध्ये लेन्स्टर प्रांतातील पुढारी एकाच बैठकीत पकडले गेले. लष्करी नेता लॉर्ड एडवर्ड फिट्झजेराल्ड १९ मे रोजी जखमी होऊन हाती लागला आणि तुरुंगात मेला. त्यामुळे २३ मेच्या रात्री उठाव सुरू झाला तेव्हा त्याला मध्यवर्ती नेतृत्व उरले नव्हते. खरा भडका उडाला तो वेक्सफर्ड परगण्यात. तेथे फादर जॉन मर्फी या कॅथलिक धर्मगुरूमागे शेतकरी गोळा झाले. गावच्या लोहारांनी घडवलेले लांब दांड्याचे भाले हेच त्यांचे मुख्य शस्त्र होते. २७ मे रोजी उलार्ट टेकडीवर त्यांनी मिलिशिया या सरकारी राखीव दलाच्या तुकडीचा धुव्वा उडवला आणि तीन दिवसांत वेक्सफर्ड शहर घेतले. ५ जूनला न्यू रॉस येथे मात्र तोफांपुढे त्यांची कत्तल झाली. त्याच दिवशी स्कलाबोग येथे बंडखोरांनी शंभराहून अधिक कैद्यांना ठार मारले; त्यांतले बहुतेक प्रॉटेस्टंट असून त्यांना कोठारात कोंडून जाळण्यात आले. शरण येणाऱ्यांना कापून काढण्याचे प्रकार सरकारी फौजेनेही केले होते. पण स्कलाबोगच्या बातमीने सर्वधर्मीय एकीवर झालेला घाव भरून आला नाही. अल्स्टरमधील प्रेस्बिटेरियनांचा उठाव ॲंट्रिम व बॅलिनाहिंच येथे आठवडाभरातच संपला. २१ जून रोजी वेक्सफर्डमधील व्हिनेगर हिल या टेकडीवरील बंडखोरांची छावणी लेकने मोडली.

ऑगस्टमध्ये जनरल हंबर्ट सुमारे हजार फ्रेंच सैनिकांसह पश्चिम किनाऱ्यावर उतरला. कॅसलबार येथे त्याने लेकच्या फौजेला पळवून लावले, पण ८ सप्टेंबरला बॅलिनामक येथे त्याला शरणागती पत्करावी लागली. ऑक्टोबरमध्ये टोन पकडला गेला. फाशीऐवजी सैनिकाचे मरण, म्हणजे गोळी, त्याने मागितली. ती नाकारली गेल्यावर त्याने स्वतःचा गळा कापून घेतला आणि १९ नोव्हेंबरला तो मरण पावला.

मराठी वाचकाला यातली काही नावे ओळखीची वाटतील. जून १७९८ मध्ये व्हाइसरॉय म्हणून आलेला कॉर्नवॉलिस हा भारताचा माजी गव्हर्नर-जनरल होता. टिपूविरुद्धच्या १७९२ च्या मोहिमेत मराठे त्याचे मित्र होते. कॅसलबारहून पळालेल्या लेकनेच १८०३ मध्ये दिल्ली व लासवारी येथे दौलतराव शिंदे यांच्या कवायती फौजांचा पराभव केला.

उठावानंतर ब्रिटिश पंतप्रधान पिटने आयर्लंडची संसदच विसर्जित करवली. १ जानेवारी १८०१ पासून आयर्लंड युनायटेड किंग्डमचा भाग झाले. कॅथलिकांना संसदेत बसण्याचा हक्क मात्र १८२९ मध्येच मिळाला. अनेक बंडखोरांना काळ्या पाण्याची शिक्षा देऊन ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्सला पाठवण्यात आले. मार्च १८०४ मध्ये सिडनीजवळ कॅसल हिल येथे कैद्यांनी बंड केले, त्यात हे आयरिश कैदी पुढे होते. तेथे झालेल्या चकमकीलाही लोक व्हिनेगर हिलची लढाई म्हणू लागले.