माजी सैनिकांची मोटारसायकल भ्रमंती (बेळगाव सीमाभाग)

सैन्यातून निवृत्त झालेल्यांनी गटाने मोटारसायकलवर फिरायचे आणि त्या निमित्ताने पलटणीतला सहवास पुन्हा जुळवायचा, अशी ही प्रथा कर्नाटकातील बेळगाव, खानापूर, निपाणी, हुक्केरी आणि सीमेपलीकडच्या चंदगड, गडहिंग्लज या तालुक्यांत आढळते. हे गट बहुतेक अनौपचारिक असतात. नाव, पावती, पदाधिकारी यांपेक्षा व्हॉट्सअ‍ॅपवरचा शनिवारी संध्याकाळचा निरोप महत्त्वाचा.

मराठा लाइट इन्फन्ट्रीचे रेजिमेंटल सेंटर १९२२ पासून बेळगावात आहे. या रेजिमेंटची सर्वांत जुनी पलटण १७६८ सालची. सांबऱ्याला हवाई दलाचे प्रशिक्षण केंद्र आहे. त्यामुळे लष्करी पोशाख, भरतीची धावपळ आणि सुट्टीवर आलेला जवान या गोष्टींचे इथल्या गावांना अप्रूप नाही. २०२२ पूर्वी भरती झालेल्या जवानाला १५ वर्षांच्या सेवेनंतर पेन्शन मिळते. अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी भरती झालेला माणूस पस्तिशी-चाळिशीत ‘पेन्शनवर’ येतो, तो काही म्हातारा नसतो. मुले शाळेत असतात, घराचा स्लॅब पडायचा असतो आणि हातात अजून वीस वर्षांचे काम शिल्लक असते.

त्याचे गावात येणे वाजतगाजत होते. हमरस्त्यावरच्या फाट्यापासून उघडी जीप, हलगी, गुलाल, पुढे तिरंगा लावलेल्या मोटारसायकली. वेशीवर आरती आणि शाळेत सत्कार. आठवड्याने हारांचे निर्माल्य होते आणि खरी अडचण सुरू होते. बरोबरीचे मित्र आपापल्या शेतात, दुकानात, फौंड्रीत गुंतलेले. भाऊबंदकीतल्या वाटण्या त्याच्या गैरहजेरीत झालेल्या. पहाटे पाचला जाग येते, पण उठून जायला परेड नसते. बँकेच्या दारात बंदूक घेऊन उभे राहण्याची नोकरी मिळते. तिथे दिवसभर बोलायला कुणी नाही. मिरवणुकीत पुढे धावलेल्या गाड्यांपैकी दोन-चार माजी सैनिकांच्याच असतात, आणि पुढच्या रविवारी ‘चला, फिरून येऊ’ म्हणणारेही तेच.

गाडी म्हणजे बुलेट, असे समीकरण लोकांच्या डोक्यात आहे आणि त्याला कारणही आहे. सीमेवरच्या गस्तीसाठी भारतीय सैन्याने बुलेट घेतली, १९५५ मध्ये मद्रासला तिची जुळणी सुरू झाली आणि फौजेशी तिचे नाते पक्के झाले. सिग्नल कोअरचे ‘डेअर डेव्हिल्स’ हे मोटारसायकल कसरतींचे पथकही याच गाडीमुळे लोकांना ठाऊक आहे. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला. किक मारण्याआधी डीकॉम्प्रेसरचा (इंजिनातला दाब सोडणारा) खटका दाबून अ‍ॅम्पिअर मीटरचा काटा मध्यावर आणावा लागतो; घाई केली तर किक उलटून नडगीवर बसते. गुडघे गेलेल्या माणसाने हे करायचे म्हणजे शिक्षाच. प्रत्यक्षात रविवारच्या रांगेत स्प्लेंडरही पुष्कळ दिसतात, आणि त्यावरून कुणी कुणाला हिणवत नाही. काहींनी शेवटच्या पोस्टिंगवर घेतलेली गाडी रेल्वेच्या पार्सलने आणलेली असते: टाकीतले पेट्रोल काढायचे, गोणपाट गुंडाळायचे, वर पेंटने नाव आणि स्टेशन लिहायचे. पुढे एनओसी आणि रोड टॅक्स यांत कित्येक महिने जातात.

सकाळी ठरलेल्या वेळेच्या पाच मिनिटे आधी ‘फालीन’, म्हणजे रांगेत उभे राहणे. गिनती (हजेरी) होते, ब्रेक आणि हवा बघितली जाते. वाट दाखवणारा पुढे, टूलकिट असलेला सर्वांत मागे, ओव्हरटेक आपसांत नाही. जांबोटीवरून चोर्ला घाट, तिलारीकडची वाट, राजहंसगड, हलशी, नाहीतर गोकाकचा धबधबा. थांबण्याच्या जागा चहा कुठे चांगला मिळतो यावर ठरतात. रमची बाटली निघालीच तर गाड्या लागल्यानंतर. हा नियम मोडणाऱ्याला पुढच्या वेळी निरोप जात नाही. २६ जुलैचा कारगिल विजय दिन ऐन पावसात येतो, तरी रेनकोट घालून फेरी निघते. १४ जानेवारीचा माजी सैनिक दिन फील्डमार्शल करिअप्पांच्या १९५३ मधल्या निवृत्तीची आठवण म्हणून पाळतात. ती संक्रांतीची गडबड असल्याने गर्दी कमी.

हुद्दा सुटत नाही. सुभेदार ‘साहेब’च राहतो आणि रिक्रूट असताना ज्याने मैदानावर पिदवले तो ‘उस्ताद’. मात्र पंक्चर काढताना साहेबही टायर धरून बसतात. बाहेरच्या माणसाला ही अदब नाटकी वाटते. त्यांच्यासाठी तीच ओळख आहे, कारण गावात त्यांना कुणाचा तरी मुलगा किंवा भाऊ म्हणूनच हाक मारतात.

रांगेत केए २२ (बेळगाव), केए २३ (चिकोडी) आणि एमएच ०९ (कोल्हापूर) अशा नंबरच्या पाट्या एकामागे एक असतात. १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपासूनचा सीमावाद २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे. तो तापला की दोन्हीकडच्या एसटी बस सीमेवर अडतात आणि परराज्याची पाटी लावून फिरणे धोक्याचे होते. अशा दिवसांत फेरी रद्द होते. घरी मराठी बोलणारा आणि घरी कन्नड बोलणारा असे दोघे एकाच पलटणीत राहिलेले असतात; त्यांची आपसांतली भाषा पलटणीची हिंदी. सीमाप्रश्नावर त्यांची मते सारखी असतात असे मुळीच नाही. चहावर तो विषय निघतो, आवाज चढतात, मग कुणीतरी गिनतीची वेळ झाल्याचे सांगतो.

या गटांचे अधिक उपयोगी काम रविवारी होत नाही. चंदगडच्या पेन्शनराला कोल्हापूरपेक्षा बेळगाव जवळ, म्हणून कॅन्टीन (लष्कराचे सवलतीचे दुकान) आणि ईसीएचएस या माजी सैनिकांच्या आरोग्य योजनेच्या दवाखान्यासाठी तो इकडेच येतो. ‘स्पर्श’ ही संगणकीय पेन्शन व्यवस्था आल्यापासून हयातीचा दाखला, आधारवरचे नाव आणि सेवापुस्तकातले नाव जुळवणे यात वृद्ध आणि वीरपत्नी गोंधळतात. पिलियनवर म्हातारा, पिशवीत कागद आणि अर्धा दिवस रांगेत, ही फेरी फोटोत येत नाही.

परदेशांत याला संघटित रूप आहे. अमेरिकेत व्हिएतनाम युद्धातल्या बेपत्ता आणि कैदी सैनिकांसाठी १९८८ ते २०१९ ‘रोलिंग थंडर’ ही वॉशिंग्टनमधली फेरी निघत असे, १९९३ मध्ये मिशिगनला ‘अमेरिकन लीजन रायडर्स’ सुरू झाले. तिथे जाकिटावरची चिन्हे, सदस्यत्वाच्या अटी आणि शाखा असतात. गाडी चालवल्याने मनावरचा ताण जातो, असे सर्रास बोलले जाते. ते जपून घ्यावे. झोप उडणे, चिडचिड, दारू वाढणे यांना डॉक्टरच लागतो. मात्र ‘मलाही असंच होतं’ हे पहिले वाक्य पुष्कळदा घाटातल्या टपरीवरच बोलले जाते, घरी नाही.

२०२२ च्या अग्निपथ योजनेतून चार वर्षांनी बाहेर पडणाऱ्या अग्निवीरांना पेन्शन नाही, कॅन्टीन नाही आणि माजी सैनिक हा दर्जाही नाही. तेविशी-पंचविशीतली ही मुले गावी परततील तेव्हा त्यांना फालीनमध्ये उभे करायचे की नाही, हे या गटांना स्वतःच ठरवावे लागेल.