समाजमाध्यमांवरील समूह (गोवा)

समाजमाध्यमांवरील समूह म्हणजे संकेतस्थळाच्या किंवा ॲपच्या आधाराने एकत्र आलेला आणि परस्परांशी नियमित संवाद ठेवणारा समुदाय होय. डॅना बॉइड आणि निकोल एलिसन या संशोधकांनी २००७ मध्ये केलेल्या व्याख्येनुसार अशा संकेतस्थळाची तीन लक्षणे असतात : वापरकर्त्याचे स्वतःचे ओळखपान, त्याच्याशी जोडलेल्या माणसांची यादी आणि त्या यादीतून इतरांच्या याद्यांपर्यंत जाण्याची सोय. यांपैकी तिसरे लक्षण निर्णायक आहे, कारण ओळखीच्या ओळखीपर्यंत विनासायास पोहोचता येणे यातूनच या समूहांचे लाभ निर्माण होतात आणि धोकेही.

सिक्सडिग्रीज (१९९७), फ्रेंडस्टर (२००२) आणि मायस्पेस (२००३) ही सुरुवातीची संकेतस्थळे भारतात फारशी रुजली नाहीत. जानेवारी २००४ मध्ये निघालेल्या ऑर्कुटमुळे मात्र ‘कम्युनिटी’ची कल्पना येथील तरुणांच्या अंगवळणी पडली, ते ३० सप्टेंबर २०१४ रोजी बंद झाले. महाविद्यालयीन विद्यार्थ्यांपुरते सुरू झालेले फेसबुक सप्टेंबर २००६ पासून तेरा वर्षांवरील सर्वांना खुले झाले. व्हॉट्सॲप (२००९) हे मूळचे निरोपांचे साधन असले, तरी खेड्यापाड्यांत समूहाचे काम प्रत्यक्षात तेच करत असल्याने त्याचा विचार येथे टाळता येत नाही.

२०११ च्या जनगणनेनुसार गोव्याची लोकसंख्या १४,५८,५४५ होती. एवढ्या लहान राज्यातून बोटींवर, आखाती देशांत आणि ब्रिटनमध्ये गेलेल्यांची संख्या मोठी असल्यामुळे दूरस्थ गोमंतकीयांना ई-मेलद्वारे जोडणारे ‘गोवानेट’ १९९४ मध्येच, म्हणजे फेसबुकच्या दहा वर्षे आधी, सुरू झाले होते. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा या तालुक्यांतील मराठी वाचणाऱ्या-लिहिणाऱ्या समाजात समूह वाढले ते निराळ्या वाटेने. देवस्थान, भजनी मंडळ, वाड्यावरचे (वस्तीतले) हौशी नाट्यमंडळ अशा आधीपासून असलेल्या संस्थांनीच ते उभे केले. जत्रेचा कार्यक्रम, पालखीची वेळ, उत्सवी नाटकाच्या तालमी, खंडित झालेला वीजपुरवठा हे त्यांचे रोजचे विषय आहेत. सदस्य एकमेकांना आधीपासून ओळखतात, आणि अनोळखी माणसांच्या ऑनलाइन समुदायांविषयी मांडलेले सिद्धांत येथे जसेच्या तसे लागू न पडण्याचे कारण हेच आहे.

समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये असे दाखवले, की नवी माहिती बहुधा जवळच्या माणसांकडून नव्हे, तर दूरच्या परिचितांकडून मिळते, कारण जवळच्यांना आपल्याला ठाऊक असलेलेच ठाऊक असते. बोटीवरची नोकरी, दुर्मीळ गटाचे रक्त किंवा प्रयोगाच्या आदल्या दिवशी आजारी पडलेल्या तबलजीच्या जागी दुसरा वादक, हे सारे अशा परिचितांमार्फत मिळू शकते. चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) दिवसांत माटोळीची, म्हणजे गणपतीवर टांगलेल्या रानफळा-फुलांच्या सजावटीची, छायाचित्रे समूहांवर येतात आणि तरुणांना न ओळखता येणाऱ्या रानफळांची नावे वडीलधारी मंडळी तेथेच सांगतात. असे ज्ञान टिकवण्याचे काम सरकारी पुस्तिकेपेक्षा या गप्पांतून अधिक होत असावे. मात्र दुर्मीळ वेलीच्या नावाबरोबर ती रानात कुठे आहे हेही सांगितले गेले, तर पुढच्या वर्षी ती तेथे राहीलच असे नाही.

सार्वजनिक प्रश्नांवरील उपयोगाचे ठळक उदाहरण म्हणजे २०२० मधील ‘आमचे मोले’ मोहीम. भगवान महावीर अभयारण्य आणि मोले राष्ट्रीय उद्यान यांच्या परिसरातील रेल्वे दुपदरीकरण, महामार्ग रुंदीकरण व वीजवाहिनी या तीन प्रकल्पांना विरोध करणारी चित्रे, नकाशे आणि अभ्यासकांची टिपणे टाळेबंदीच्या काळात समाजमाध्यमांवरून घरोघर पोहोचली. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये दुपदरीकरणाची वन्यजीव मंजुरी रद्द केली. याचे श्रेय एकट्या समाजमाध्यमांना देणे चुकीचे ठरेल. नोव्हेंबर २०२० मध्ये चांदर येथे रात्री रुळांवर उतरलेले लोक आणि न्यायालयात चिकाटीने लढवलेले खटले यांच्याशिवाय त्या चित्रांना वजन आले नसते.

भाषेच्या प्रश्नावर मात्र हीच साधने दरी वाढवतात. १९८७ च्या राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणीला राजभाषेचा दर्जा दिला आणि शासकीय कामकाजात मराठीच्या वापराचीही तरतूद केली. रोमी (रोमन) लिपीतील कोकणीचा प्रश्न बाजूला राहिला. या विषयावरील एखादा उपरोधिक मजकूर तासाभरात अनेक समूहांत फिरतो. तीव्र प्रतिक्रिया मिळवणाऱ्या मजकुराला पुढे आणणारी निवडप्रणाली (अल्गोरिदम) आणि लिपीनुसार वेगळे झालेले वाचक यांमुळे प्रत्येक गटाला समोरच्याचे सर्वांत कडवट वाक्य तेवढे दिसते.

अफवांचा धोका सर्वाधिक गंभीर आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी आल्याच्या अफवेवरून जमावाने नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना ठार मारले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाच ठिकाणीच पुढे पाठवता येईल अशी मर्यादा घातली. विदेचा (डेटाचा) गैरवापर हा दुसरा धोका होय. केंब्रिज ॲनालिटिका या ब्रिटिश राजकीय सल्लागार कंपनीच्या प्रकरणात भारतातील सुमारे ५.६२ लाख वापरकर्त्यांची माहिती गेली असण्याची शक्यता फेसबुकने २०१८ मध्ये मान्य केली. बोटीवरील नोकरीचे किंवा भाड्याच्या व्हिलाचे आमिष दाखवून होणारी फसवणूक गोव्याच्या अर्थव्यवहाराला नेमकी चिकटलेली आहे. अशा आर्थिक फसवणुकीची तक्रार १९३० या क्रमांकावर करता येते.

लहान समाजात बदनामीचा घाव अधिक खोल असतो. एखाद्या मुलीचे बनावट छायाचित्र फिरले, तर ते शाळा, देऊळ आणि घर या तिन्ही ठिकाणी एकाच दिवशी पोहोचते, आणि ओळखीच्या माणसाविरुद्ध तक्रार करण्यास कुटुंबे कचरतात. खासगी छायाचित्रांविषयी तक्रार आल्यास ती काढण्यासाठी २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत चोवीस तासांची मुदत घालण्यात आली. याउलट, आक्षेपार्ह मजकुरासाठी सर्रास वापरले जाणारे माहिती तंत्रज्ञान कायद्यातील ‘६६अ’ हे कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केले होते. समूहचालकाच्या (ॲडमिनच्या) जबाबदारीबाबत मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये असे ठरवले, की समान हेतू सिद्ध झाल्याशिवाय सदस्याच्या मजकुरासाठी चालकाला दोषी धरता येणार नाही. गावातील समूहाचा चालक बहुधा देवस्थान समितीचा किंवा मंडळाचा कार्यकर्ता असतो, आणि कायद्याने तो सुटला तरी वाड्यावर जाब त्यालाच विचारला जातो.