मेलाटोनिन म्हणजे झोपेची गोळी नव्हे

"एकीनं झोप येत नाही? मग दोन घे!" कुपवाड एमआयडीसीत रात्रपाळी करणाऱ्या आमच्या शेजारच्या दादांना मेलाटोनिनच्या गोळीबद्दल हा सल्ला मिळाला होता. तो चुकीचा आहे. मेलाटोनिन हे शरीरातलं एक संप्रेरक (हार्मोन) आहे; ते झोपेच्या गोळीसारखी गुंगी आणत नाही. अंधार पडला की मेंदूतली पिनियल ग्रंथी ते सोडते आणि शरीराला रात्र झाल्याचं कळतं, एवढंच. गोळीनं झोप सरासरी ७-८ मिनिटं लवकर लागते. डोस वाढवण्यापेक्षा वेळ सांभाळणं महत्त्वाचं.

दादा सकाळी आठला गोळी घेऊन लख्ख उजेडात मोबाईल बघत पडायचे. तो उजेड मेंदूला दिवसच सांगत राहतो. परवा वहिनींनी खिडकीवर जाड सोलापुरी चादर लावली. रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय मेलाटोनिन घेऊच नका.