सेंटर कॉलेज ६, हार्वर्ड ०: १९२१ च्या सीझनमागची गोष्ट

आधी एक क्लिअर करतो, इथे फुटबॉल म्हणजे अमेरिकन फुटबॉल, तो लांबट बॉल काखेत मारून पळायचं आणि समोरच्याने त्याला आडवं पाडायचं तो. तर २९ ऑक्टोबर १९२१ ला केंटकीतल्या डॅनव्हिल नावाच्या लहानशा गावातल्या सेंटर कॉलेजने हार्वर्डला त्यांच्याच स्टेडियममध्ये ६-० ने हरवलं. सेंटरमध्ये तेव्हा तीनशे पण विद्यार्थी नव्हते, आणि समोर हार्वर्ड, १९१९ आणि १९२० अख्खे सीझन एकही मॅच न हरलेलं, वर १९२० च्या १ जानेवारीला रोझ बोल ही सीझननंतरची मानाची मॅच पण जिंकलेलं. तालुक्याच्या कॉलेजने वानखेडेवर जाऊन मुंबईच्या रणजी टीमला गुंडाळावं तसलंच काहीतरी. त्यामुळे या मॅचचा विषय निघाला की लोक लगेच चमत्कार चमत्कार करतात, मला मात्र ते पटत नाही, कारण मागची चार-पाच वर्षं बघितली तर हे सगळं जुळवून आणलेलं दिसतं, अगदी प्लॅनिंग करून.

मुळात खेळच तेव्हा बदलत होता. १९०५ पर्यंत फुटबॉल म्हणजे दहा-बारा धिप्पाड पोरांनी घोळका करून समोरच्या घोळक्यावर तुटून पडायचं, त्यात पोरं जखमी व्हायची, मरायची सुद्धा, शेवटी प्रेसिडेंट रूझवेल्टने हार्वर्ड, येल, प्रिन्स्टनवाल्यांना व्हाइट हाऊसवर बोलावून घेतलं. मग उपाय काय, तर एक सूचना आली की मैदानच रुंद करा म्हणजे पळायला जागा मिळेल. पण हार्वर्डने १९०३ मध्ये काँक्रीटचं पक्कं स्टेडियम बांधून टाकलेलं, ते काय सरकणार! मग १९०६ पासून बॉल पुढे फेकायला परवानगी मिळाली. गंमत बघा, हार्वर्डच्या भिंती हलेनात म्हणून जो पास आला त्यानेच पुढे लहान कॉलेजांना दार उघडलं, नुसत्या वजनावर चालणारा खेळ आता चपळ पोरांना पण जमायला लागला. १९१२ मध्ये टचडाउनचे (म्हणजे बॉल समोरच्याच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेण्याचे) ६ पॉइंट झाले आणि दहा यार्ड पुढे सरकायला चार चान्स मिळायला लागले.

आता माणसं. सेंटरचा एक माजी विद्यार्थी, रॉबर्ट मायर्स, सगळे त्याला चीफ म्हणायचे, टेक्सासमध्ये फोर्ट वर्थच्या नॉर्थ साइड हायस्कूलला कोच होता. त्याच्या हाताखाली बो मॅकमिलिन, रेड वीव्हर वगैरे पोरं तयार झाली आणि याच्या डोक्यात बसलं की ही सगळी गँग आपल्या कॉलेजात न्यायची. बो आणि वीव्हरचं शिक्षण कॉलेजला पुरेसं नव्हतं तर त्यांना आधी केंटकीतल्याच सॉमरसेटच्या हायस्कूलला घातलं. आजच्या भाषेत सरळ सरळ रिक्रूटिंग, यात लपवण्यासारखं काही नाही, तेव्हा बरेच जण असंच करायचे. १९१७ मध्ये मायर्स स्वतः सेंटरचा कोच झाला, आणि थोड्याच दिवसात त्याला कळलं की ही पोरं आपल्या आवाक्याबाहेरची आहेत, तर त्याने टीम चार्ली मोरनच्या हवाली केली. हे मला या गोष्टीतलं सगळ्यात भारी वाटतं, कारण स्वतः जमवलेली टीम दुसऱ्याला द्यायला मोठं मन लागतं राव. मोरन म्हणजे जुना बेसबॉलवाला, १९०९ ते १९१४ टेक्सास ए अँड एमचा कोच राहिलेला (हे लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे).

त्याच वर्षी बोच्या किकवर केंटकी युनिव्हर्सिटीला ३-० हरवलं. मध्ये महायुद्धाची गडबड. १९१९ ला मात्र सगळ्याच्या सगळ्या नऊ मॅच जिंकल्या, त्यात वेस्ट व्हर्जिनियाची सुद्धा, ज्यांनी आठवडाभर आधीच प्रिन्स्टनला २५-० धुतलं होतं. हाफला सेंटर ६-० ने मागे होतं आणि शेवट १४-६. मॅचआधी पोरं प्रार्थना करायची म्हणून नाव पडलं प्रेइंग कर्नल्स. वर्षाअखेर वॉल्टर कॅम्पच्या ऑल-अमेरिकन टीममध्ये, म्हणजे देशभरातल्या कॉलेजांतून कागदावर निवडलेल्या सर्वोत्तम टीममध्ये, बो आणि वीव्हर दोघंही, एवढ्याशा कॉलेजचे दोन!

मग हार्वर्डचं बोलावणं आलंच. १९२० ला हाफपर्यंत १४-१४ आणि नंतर दमले, ३१-१४ हरले. असं सांगतात की हार्वर्डच्या कॅप्टनने बोला आठवण म्हणून मॅचचा बॉल देऊ केला, तर हा म्हणाला नको, पुढच्या वर्षी जिंकूनच नेतो.

पुढच्या वर्षी चाळीस हजारांवर पब्लिक, हाफला ०-०. तिसऱ्या क्वार्टरच्या सुरुवातीलाच बो बॉल घेऊन एका बाजूला सुटला, मध्येच कापून उलट वळला आणि ३२ यार्ड पळत थेट टचडाउन. टचडाउननंतर एका जादा पॉइंटसाठी मिळणारी किक हुकली म्हणून आकडा ६ वरच राहिला. नंतर हार्वर्डने जंग जंग पछाडलं पण बोर्डवर काही लागलं नाही, आणि लागणार तरी कसं, त्या अख्ख्या रेग्युलर सीझनमध्ये सेंटरने फक्त ६ पॉइंट दिलेत, ते पण झेवियरला. गावात पोरांनी भिंतींवर सी६एच० रंगवलं, केमिस्ट्रीच्या फॉर्म्युल्यासारखं.

बाकी सीझन जिंकत जिंकत गेले, २६ डिसेंबरला सॅन डिएगोत ॲरिझोनाला ३८-० हरवलं आणि तिथून आठवड्याभरात डॅलस, २ जानेवारी १९२२, डिक्सी क्लासिक नावाची सीझननंतरची खास मॅच. बोने त्याच दिवशी लग्न पण उरकलं, काय टायमिंग! समोर कोण, तर मोरनची जुनी टेक्सास ए अँड एम. त्यांचे इतके खेळाडू जखमी झाले की कोच बायबलने वर प्रेस बॉक्समधून किंग गिल नावाच्या बास्केटबॉलवाल्या पोराला खाली बोलावून जर्सी चढवायला लावली, तो साइडलाइनला शेवटपर्यंत उभा, खेळायची वेळ आलीच नाही. सेंटर २२-१४ ने हरलं, सीझनमधली एकमेव हार. आणि ए अँड एमचे विद्यार्थी आजही बारावा खेळाडू म्हणून मॅचभर उभे राहतात ते त्या गिलमुळे.